जंप स्टार्टर विकू नका, त्याच्यावर धंदा उभा करा



गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातोय. "सर, ते पॉवर बँकेसारखं छोटं यंत्र येतंय ना, बॅटरी उतरलेली गाडी चालू करणारं? त्याचा माल उचलू का? मार्जिन चांगलं सांगायलेत." विचारणारे कोण? परळीचे, सिरसाळ्याचे, गंगाखेडचे, सोनपेठचे. वय बावीस ते तीस. गाठीला तीस-चाळीस हजार रुपये, बहुतेक वेळा आईने बचत गटातून काढलेले नाहीतर स्वतः दोन वर्षं नोकरी करून साठवलेले. हे पैसे एकदा गेले की दुसऱ्यांदा जमायला पुन्हा दोन वर्षं लागतात. म्हणून उत्तर गोल गोल देत नाही.

माझं मत असं आहे: हे यंत्र पेटीभर उचलून विकायला बसू नका. एकच घ्या, चांगलं घ्या, आणि ते घेऊन लोकांच्या बंद पडलेल्या गाडीपर्यंत जा. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावात पैसा डब्यात कमी आणि डबा घेऊन जाणाऱ्या माणसात जास्त आहे. का, ते आता हिशोबासकट सांगतो.

आधी यंत्र समजून घ्या

जी वस्तू विकायची किंवा वापरायची, ती आतून काय करते हे माहीत नसेल तर गिऱ्हाईक तुम्हाला दुसऱ्याच प्रश्नात पकडतं. म्हणून थोडं तांत्रिक, पण सोप्या भाषेत.

कारची बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात. आत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. पूर्ण भरलेली, थोडा वेळ थांबलेली बॅटरी मीटरवर १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे अंदाजे निम्मी. ११.८ च्या खाली गेली की रिकामीच समजा. गाडी चालू असताना अल्टरनेटर, ज्याला आपल्याकडं अजूनही बरेच मिस्त्री डायनेमोच म्हणतात, तो १३.८ ते १४.५ व्होल्ट देऊन तिला भरत राहतो.

आता खरी गंमत. सेल्फ मारताना छोटी पेट्रोल गाडी दीडशे-दोनशे अँपिअर करंट ओढते, डिझेल त्याच्याहून बरंच जास्त. पण किती वेळ? दोन-तीन सेकंद. हिशोब करा. २०० अँपिअर गुणिले १० व्होल्ट म्हणजे २,००० वॅट. तीन सेकंदांचे झाले ६,००० ज्यूल. त्याला ३,६०० ने भागलं की पावणेदोन वॅट-अवरसुद्धा होत नाही. म्हणजे गाडी चालू करायला ऊर्जा थोडीच लागते, फक्त ती एका दमात लागते. खिशात मावणारं लिथियमचं यंत्र हे काम करू शकतं, त्याचं कारण हे. त्याची ताकद थोडी, पण एका झटक्यात देण्याची क्षमता मोठी.

दुसरी बाजूही बघा. १२,००० एमएएच लिहिलेल्या यंत्रात ती क्षमता बहुतेक वेळा एका सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेली असते. म्हणजे झाली साधारण ४४ वॅट-अवर. आणि छोट्या कारची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी? ३५ गुणिले १२, म्हणजे ४२० वॅट-अवर. यंत्रात गाडीच्या बॅटरीच्या दहाव्या हिश्श्याइतकाच साठा आहे. म्हणून हे यंत्र गाडी *चालू* करतं, बॅटरी *भरत* नाही. गिऱ्हाइकाला हे एक वाक्य नीट समजावून सांगितलं, तर निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

डब्यावरचा आकडा आणि खरा आकडा

मुठीत मावणाऱ्या डब्यावर "२००० अँपिअर पीक" लिहिलेलं असतं. पीक म्हणजे क्षणभराचा उच्चांक, आणि तो मोजायची पद्धत कंपनीगणिक वेगळी. गाडी क्षणभरात चालू होत नाही. तुम्हाला हवा तो दोन-तीन सेकंद टिकणारा, सेल्फ मारताना मिळणारा करंट. तो वेगळा छापलेला आहे का, बघा. छापलेलाच नसेल तर मी तो डबा हातात घेऊन परत ठेवतो.

अजून चार गोष्टी तपासा. वायर आखूड आणि जाड पाहिजे. लांब आणि बारीक वायरमध्ये करंट वाटेतच मरतो. चिमट्याच्या दातांना लोहचुंबक लावा; घट्ट चिकटला तर वर तांब्याचा मुलामा आणि आत लोखंड. चिमट्याच्या वायरवर संरक्षणाची डबी पाहिजे, जी उलटी जोडणी झाली की लाल दिवा लावून थांबवते. आणि खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष हे सगळं छापलेलं पाहिजे. आपल्याकडं लिथियम सेलला आणि पॉवर बँकेला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. त्यामुळं 'आर' ने सुरू होणारा नोंदणी नंबर कुठं दिसतो का, हे विचारायला लाजू नका. घाऊकवाला "अहो, ते काय बघता, माल बघा" म्हणाला, तर तो काय लपवतोय ते तुम्हाला कळलं.

माझ्या दुकानात एका पुरवठादाराने नमुना वेगळा आणि पेटीतला माल वेगळा पाठवला होता. नमुन्याची वायर करंगळीएवढी जाड, पेटीतली उदबत्तीएवढी. पेटी फोडायच्या आधी एक नग काढून बघितला म्हणून माल तसाच परत गेला. लहान दुकानदाराचं सगळ्यात मोठं संरक्षण एवढंच असतं: पैसे द्यायच्या आधी एक नग उघडा.

डबा विकण्यात पैसा का राहत नाही

समजा, तुम्ही ३७,५०० रुपयांत १५ नग आणले, एक २,५०० ला. विकणार ३,२०० ला. कागदावर १०,५०० रुपये नफा. चांगलं दिसतंय.

आता गावात काय होतं ते बघा. गिऱ्हाईक तुमच्यासमोर मोबाइल काढतं आणि म्हणतं, "हे बघा, इथं दोन हजार सातशेला घरपोच आहे." तरी धरून चला की सगळे ३,२०० लाच विकले. त्यातले तीन परत आले. एकाला आपल्या डिझेल गाडीला तो पुरत नाही, एकाने सहा महिने चार्जच केला नाही, एकाचा खरंच बिघडला. गिऱ्हाईक ओळखीचं, त्यामुळं पैसे परत द्यावे लागतात. उरलेल्या १२ नगांचा नफा ८,४००. तीन नगांचे २,५०० प्रमाणे ७,५०० बुडाले. हातात राहिले ९०० रुपये, आणि तीन माणसं नाराज.

शिवाय हा माल साबणासारखा फळीवर ठेवून चालत नाही. लिथियम यंत्र पडून राहिलं तरी हळूहळू उतरतं, दर दोन-तीन महिन्यांनी चार्ज करावं लागतं. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. बंद गाडीत काय तापतं तेही माहीत आहे. गिऱ्हाईक हे यंत्र नेमकं डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून विसरणार, आणि लिथियमला उष्णता सोसत नाही. फुगतं, आणि वाईटात वाईट पेटतंही. ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी ते रिकामं असेल आणि शिव्या तुम्हाला बसतील.

म्हणून माझं म्हणणं: ज्या वस्तूची काळजी गिऱ्हाईक घेणार नाही हे आधीच दिसतंय, ती त्याला विकण्यापेक्षा तुम्ही स्वतः सांभाळा आणि तिचं काम विका.

परळीत ही गरज आहे का? आहे.

पूर्वी गाडी बंद पडली की दोन इलाज होते. एक, हँडल. गाडीला विजेवर चालणारा सेल्फ १९१२ साली कॅडिलॅकने आणला. त्याआधी सगळं हँडलवरच होतं. जुन्या जीपचं ते पुढून फिरवायचं हँडल आपल्या वडिलांच्या पिढीनं वापरलंय. दुसरा इलाज, धक्का. "दोन पोरं बोलवा रे!" म्हणलं की काम व्हायचं.

आता हँडल राहिलं नाही. ऑटोमॅटिक आणि एएमटी गाड्या धक्क्यावर चालू होत नाहीत. नवीन बीएस-६ गाड्यांना धक्का मारला तर न जळलेलं इंधन सायलेन्सरमधल्या महागड्या कनव्हर्टरमध्ये जाण्याची भीती. बटण-स्टार्ट गाडीत तर बॅटरी पूर्ण गेली की बटण दाबून काहीच होत नाही. इलेक्ट्रिक कारमध्येसुद्धा एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते; ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. म्हणजे गाड्या सुधारल्या तसा घरगुती इलाज संपत गेला. तुमच्या धंद्याची जागा तिथं तयार झाली.

आता आपल्या गावात नजर फिरवा. वैजनाथाच्या दर्शनाला महाशिवरात्रीला आणि श्रावण सोमवारी बाहेरगावच्या किती गाड्या येतात? लेकरं गाडीत, गाणी चालू, दरवाजा उघडा, दोन-तीन तास रांग. परत येऊन सेल्फ मारला की "टक टक टक". मंगल कार्यालयाबाहेर तीच गत. औष्णिक वीज केंद्रात पाळ्या चालतात, त्यामुळं रात्री-अपरात्री गाडी काढणारी माणसं आपल्या गावात आहेत. जंक्शन असल्यामुळं स्टेशनवर गाडी लावून चार दिवस बाहेर जाणारे आहेत. आणि सगळ्यात मोठा गट कोणता, सांगू? पोरगा पुण्याला नोकरीला, त्यानं घेऊन दिलेली कार गावाकडं अंगणात. वडील ती आठवड्यातून एकदा चालवतात, तीही किराणा आणायला. अशी बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. २०२० च्या लॉकडाऊननंतर जेव्हा महिना-दोन महिने उभ्या असलेल्या गाड्या लोकांनी काढल्या, तेव्हा किती जणांच्या उठल्या नाहीत हे तुम्हीही बघितलंय.

आणि एक गोष्ट पैशांच्या पलीकडची. आपल्याकडं पेशंट सिरियस झाला की गाडी अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थच्या दवाखान्यात निघते. रात्री एकला छातीत दुखायला लागलेल्या माणसाची गाडी उठत नसेल, तर त्या घराला मिस्त्रीचं दुकान सकाळी नऊला उघडतं याचा काही उपयोग नाही. तुमचा फोन नंबर त्या घरात लिहिलेला असणं, ही सेवा आहे आणि धंदाही आहे.

भांडवलाचा हिशोब

हे आकडे अंदाजाचे आहेत, खरेदीच्या दिवशी तुमच्या बाजारात फेरतपासा. चांगला जंप स्टार्टर ७,०००. बॅटरी टेस्टर ३,५००. मल्टीमीटर ६००. जाड जंपर केबल १,०००. हातमोजे, चष्मा, टर्मिनल घासायचा ब्रश, १० नंबरचा पाना आणि बाकी हत्यारं १,५००. डोक्याला लावायची बॅटरी ४००. कार्ड, स्टिकर, छोटा बोर्ड १,५००. एकूण १५,५००. म्हणजे ४० हजारांतले २४,५०० तुमच्या खिशातच राहिले. यासाठी कर्ज काढू नका. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं हे मला माहीत आहे, पण जे काम १५ हजारांत उभं राहतं त्याला हप्ता कशाला लावून घ्यायचा?

कमाई. समजा महिन्याला २० फोन आले आणि गावात एका फेरीचे ३०० घेतले. ६,०००. पेट्रोलचे ८०० वजा. त्या २० पैकी ८ जणांची बॅटरी खरंच संपलेली निघाली आणि तुम्ही गावातल्याच बॅटरीवाल्याकडून आणून बसवून दिली, एका बॅटरीमागे ४०० सुटले. ३,२००. आता तिसरा भाग, जो बहुतेक जण विसरतात. टुरिस्ट गाड्या, शाळेच्या व्हॅन, खासगी रुग्णवाहिका, डॉक्टरांच्या गाड्या. अशा ३० गाड्यांची महिन्यातून एकदा बॅटरी तपासणी, १०० रुपये एका गाडीला. ३,०००. सगळं मिळून ११,४००.

यावर घर चालतं का? एकट्यावर नाही चालत, आणि चालतं असं मी तुम्हाला सांगणारही नाही. पण तुमचं पंक्चरचं, ऑइलचं, इन्व्हर्टरचं, अ‍ॅक्सेसरीचं दुकान असेल किंवा काढायचं मनात असेल, तर हा दुकानात गिऱ्हाईक आणणारा दरवाजा आहे. रात्री मदत केलेला माणूस सीट कव्हर दुसऱ्याकडं घ्यायला जात नाही.

उद्यम नोंदणी मोफत आहे, करून ठेवा. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तोवर आपल्या राज्यात जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. पण वही पहिल्या दिवसापासून लिहा.

हात लावायच्या आधी हे पाठ करा

हे काम पाच मिनिटांचं आहे, पण चुकलं तर गाडीचा हजारोंचा इलेक्ट्रॉनिक भाग जातो, किंवा तुमचे डोळे. म्हणून क्रम सोडू नका.

१. आधी ऐका. सेल्फ मारल्यावर "टक टक" आणि दिवे मंद, तर बॅटरीचा संशय. इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नाही, तर दोष पेट्रोल किंवा स्पार्कचा. तिथं तुमच्या यंत्राचं काम नाही. तसं सांगा आणि मिस्त्रीचा नंबर द्या.

२. बॅटरी बघा. फुगलेली, फुटलेली, गळणारी असेल तर चिमटा लावायचाच नाही.

३. गाडी १२ व्होल्टची आहे याची खात्री करा. ट्रक-बसला दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट असतात, तिथं १२ चं यंत्र चालत नाही. कारखान्याच्या हंगामात ट्रकवाले हमखास बोलावतील. नम्रपणे नाही म्हणा. ट्रॅक्टर बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण त्यांना करंट जास्त लागतो, तुमचं यंत्र तेवढ्याचं आहे का ते आधी बघा.

४. चावी बंद, दिवे, एसी, टेप बंद. टर्मिनल पांढरं-हिरवं झालं असेल तर आधी घासा. निम्म्या वेळा एवढ्यानेच काम होईल असं मी म्हणत नाही, पण जेव्हा होतं तेव्हा गिऱ्हाईक तुम्हाला आयुष्यभर विसरत नाही.

५. लाल चिमटा अधिकला. काळा चिमटा उणेला, किंवा गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या इंजिन-बॉडीच्या रंग नसलेल्या धातूला. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ठिणगी तिथून लांब पडलेली बरी. नवीन गाड्यांत उणे टर्मिनलवर सेन्सर असतो, त्यालाही बॉडीची जोडणी मानवते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला आधी चार पावलं मागं करा.

६. हिरवा दिवा आला की सेल्फ मारा, तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही. नाही उठली तर अर्धा मिनिट थांबा. तीन-चार वेळा होऊनही नाही, तर थांबाच.

७. बॅटरी पार मेलेली असेल तर यंत्राला ती दिसतच नाही. मग 'बूस्ट' बटण असतं. लक्षात ठेवा, बहुतेक यंत्रांत बूस्टमध्ये उलट्या जोडणीचं संरक्षण बंद होतं. ते बटण दाबायच्या आधी लाल-काळा दोनदा बघायचा, तिसऱ्यांदा बोट लावून बघायचा.

८. गाडी उठली की चिमटे लगेच काढा. मग मीटर लावा. चालू गाडीत १३.८ ते १४.५ दिसलं तर चार्जिंग ठीक. १२.५ च्या खालीच राहिलं तर दोष अल्टरनेटरचा आहे. तसं स्पष्ट सांगा, नाहीतर ते कुटुंब घाटनांदूरच्या अलीकडं पुन्हा अडकेल.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबलला हात लावायचा नाही. कधीच नाही.

खरं सांगण्याचा धंदा

आता माझ्या मताचा गाभा. या कामात तुमची परीक्षा गाडी उठल्यानंतर सुरू होते.

समोरचा माणूस घाबरलेला असतो. त्याला गाडीतलं काही कळत नाही. तुम्ही म्हणालात, "काका, बॅटरी गेली, नवीन टाका," तर तो पाच हजार काढून देईल. पण खरं कारण वेगळं असू शकतं. रात्री आतला दिवा चालू राहिला असेल. नंतर बसवलेला कॅमेरा, जीपीएस किंवा टेप बंद गाडीतही करंट खात असेल. टर्मिनल सैल असेल. रोज दोन किलोमीटरच गाडी चालत असेल. या चारही गोष्टींत नवीन बॅटरी टाकली तरी ती महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा उतरणार.

म्हणून टेस्टर लावा, आकडा गिऱ्हाइकाला दाखवा, कागदावर लिहून द्या. बॅटरी चांगली असेल तर म्हणा, "काका, चार्ज करून घ्या, नवीन लागत नाही." त्या दिवशी तुमचे ४०० रुपये गेले. पण तो माणूस दुसऱ्या दिवशी टॉवरच्या हॉटेलात, कट्ट्यावर, पाहुण्यात सांगतो, "तो पोरगा खरं सांगतो." तालुक्याच्या गावात याच्याएवढी स्वस्त जाहिरात नाही. खोटं सांगितलं तर बातमी त्याच्याहून जलद फिरते.

हाच नियम दराला. रात्रीचा दर जास्त ठेवा, त्यात लाज नाही; तुमची झोप मोडते. पण तो बोर्डावर लिहिलेला असू द्या आणि फोनवरच सांगा, निघायच्या आधी. लेकरं रडताहेत, बायको घाबरली आहे, पाऊस लागलाय, म्हणून ३०० चे २,००० करणारा माणूस एक रात्र कमावतो आणि गाव गमावतो. आणि दवाखान्याला निघालेल्या गाडीचे पैसे तिथं उभं राहून मागायचे नाहीत. "पेशंट पोचू द्या, नंतर बघू." माझा अनुभव आहे, असे पैसे बुडत नाहीत. बुडाले तरी तो धंद्याचा खर्च समजा.

जुनी बॅटरी काढली तर ती भंगारात फोडायला देऊ नका आणि आतलं आम्ल नालीत ओतू नका. शिसं आहे ते, आपल्याच गल्लीतल्या लेकरांच्या पोटात जातं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांपर्यंत जायला पाहिजे. तुमचा बॅटरीवाला डीलर ती परत घेतो आणि पैसेही कापून देतो.

"पण सर…"

"पण सर, मिस्त्री हे काम ओळखीत फुकट करतात." करतात, दिवसा, त्यांच्या दुकानासमोर. रात्री दहाला तुमच्या दारात येत नाहीत. उलट त्याच मिस्त्रींना जाऊन भेटा. दुरुस्तीचं काम तुम्ही त्यांच्याकडं पाठवा, रात्रीचे फोन ते तुमच्याकडं पाठवतील. शत्रुत्व करायला आपलं गाव मोठं नाही.

"पण सर, उद्या प्रत्येकाच्या गाडीत हे यंत्र असेल." काहींच्या असेल. स्टेपनी प्रत्येकाच्या गाडीत असते, तरी पंक्चरवाल्याचं दुकान चालूच आहे ना? यंत्र असणं आणि रात्री अंधारात लाल-काळा ओळखून ते लावण्याची हिंमत असणं, यात फरक आहे.

"पण सर, कुणी मागितलं तर विकायचंच नाही का?" विका की. रोज हायवेवर असणाऱ्या, स्वतः गाडी समजणाऱ्या माणसाला ऑर्डरवर एक आणून द्या, त्याच्या गाडीला लावून दाखवा, दोन महिन्यांनी चार्ज करायची आठवण तुम्हीच मेसेज करून द्या. तेव्हा तुम्ही २,७०० च्या ऑनलाइन डब्याशी भांडत नसता, कारण तो डबा आठवण करून देत नाही.

या आठवड्यात काय करायचं

पैसे अजून खर्च करू नका. आधी वही घ्या. तुमच्या ओळखीच्या २५ गाडीवाल्यांना तीन प्रश्न विचारा: गेल्या वर्षभरात गाडी बॅटरीमुळं बंद पडली का? तेव्हा कुणाला फोन केला? किती वेळ आणि किती पैसे गेले? उत्तरं लिहा. २५ पैकी चार-पाच जणांनीही "हो, लई हाल झाले" म्हणलं, तर तुमच्या गावात काम आहे. कुणीच म्हणलं नाही, तर तुमचे ४० हजार वाचले, आणि ती सुद्धा कमाईच आहे.

मग एखाद्या जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं पंधरा दिवस फुकट काम करा. मीटर धरायला शिका, वास ओळखायला शिका, कुठल्या गाडीची बॅटरी कुठं लपवलेली असते ते शिका. काही गाड्यांत ती सीटखाली किंवा डिकीत असते. त्यानंतर खरेदीला निघा.

वही भरली की मला आकडे पाठवा, दर ठरवायला आपण मिळून बसू. आणि पुढच्या वेळी तुमच्यापैकी कुणी "पन्नास नग उचलू का?" विचारलं, तर माझा उलटा प्रश्न तयार आहे: गेल्या महिन्यात किती जणांनी रात्री तुम्हाला फोन केला?